हाकेआधीची ओ

लेकरू रडत नाही म्हणून दृष्ट काढणारी सासू जगात एकटी माझीच असेल. दर शनिवारी शर्वीवरून मीठ-मोहऱ्या ओवाळायच्या आणि म्हणायचं, "गुणाची हाय गं माझी बाय. कुणाची नजर लागाय नको." शर्वी दीड वर्षाची झाली तरी तिचं रडणं शेजाऱ्यांनी ऐकलं नव्हतं. दात आले, ताप आला, लसी टोचल्या, पोरगी नुसती बघत राहायची. गल्लीतली बाकीची पोरं भोंगा लावायची आणि त्यांच्या आया माझ्याकडे असूयेनं बघायच्या. खोटं कशाला बोलू, मीही जरा मान ताठ करूनच चालत होते.

हे सगळं पुण्य वाळ्याचं.

मी कागलच्या औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत तपासनीस आहे. विजेवरच्या गाड्यांचे ॲल्युमिनियमचे भाग आमच्याकडे ओततात. ओतायला यंत्रं, घासायला यंत्रं. माणसं उरली ती दोष शोधायला. पडद्यावर भागाच्या पोटातलं चित्र येतं, त्यात हवेचा बुडबुडा दिसला की भाग बाद. हॉलच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'दोष झाल्यावर काढू नका, होण्याआधी टाळा.' हे वाक्य आम्हा वसाहतीतल्या लोकांच्या इतकं अंगात मुरलंय की नवरा-बायकोच्या भांडणातही ते एकमेकांना ऐकवलं जातं. तेच आम्ही लेकरांना लावलं आणि त्यात काही चुकतंय असं कुणालाही वाटलं नाही.

वसाहतीतलं पाळणाघर माझी मोठी नणंद स्नेहल चालवते. तिला मी सासूच्या धाकानं अजून 'वन्सं' म्हणते. वन्संच्या आधी इथल्या बायका काय करायच्या ते मला ठाऊक आहे. कुणी लेकराला साडीच्या पदरानं खाटेला बांधून कामावर यायची, कुणी खोकल्याचं औषध पाजून झोपवायची. वन्संनी कंपन्यांच्या साहेबांशी भांडून जागा मिळवली, मुलं सांभाळणाऱ्या ताया शिकवून तयार केल्या. या बाईला नावं ठेवणाऱ्याची जीभ झडेल, असंच आम्ही सगळ्या म्हणायचो.

मग तीन वर्षांखालच्या मुलांच्या पाळणाघरांसाठी सरकारी मार्गदर्शिका आली. ती मी वाचली आहे, चांगली आहे. बाळ बोलत नसलं तरी सांगत असतं, असं तिच्यात म्हटलंय. मूठ आवळणं, मान फिरवणं, कुरकुरणं हेच त्याचं बोलणं. ते ओळखा आणि त्याला लगेच, मायेनं उत्तर द्या. पण मार्गदर्शिकेमागोमाग तपासणी आली. आता माया मोजायची कशी? रडणं मात्र मोजता येतं. छताला माईक लागले आणि कुठल्या पाळणाघरात किती रडारड, यावर तारे मिळू लागले. जितके तारे, तितकी कंपन्यांची मदत.

वाळा आला तो यावरचा उपाय म्हणून. वाळा म्हणजे पायात घालायचं मऊ रबरी कडं, आत नखाएवढी चकती. ती त्वचेचा ओलावा, नाडी, श्वास आणि पोटरीच्या स्नायूंची थरथर सतत वाचते. बाळ रडतं त्याआधी त्याचं शरीर तयारी करत असतं. नाडीचा ताल बदलतो, श्वास छातीत साठतो, पायाची बोटं वळतात. आपल्या डोळ्यांना हे कळत नाही, वाळ्याला कळतं, आणि रडं फुटायच्या बरंच आधी कळतं. शिवाय प्रत्येक बाळाच्या खुणा तो हळूहळू शिकतो. भुकेची तयारी वेगळी, झोपेची वेगळी, ओल्या लंगोटाची वेगळी. मग ताईच्या मनगटावरच्या पट्टीवर अक्षरं उमटतात, 'शर्वी, भूक.' ताई वाटी घेऊन पोचते तेव्हा शर्वीच्या ओठांचा चंबूसुद्धा झालेला नसतो.

घरीही वाळा पायात असायचा आणि तीच अक्षरं माझ्या फोनवर यायची. सासूबाई, नवरा रणजित आणि मी, आम्ही तिघं त्या फोनच्या हुकमावर पळायचो. घर कसं शांत असायचं.

निपाणीला रणजितच्या चुलत भावाचं लग्न निघालं. सकाळच्या घाईत वाळा चार्जिंगला लावला होता तो तिथंच राहिला. सासूबाई म्हणाल्या, "असू दे की एक दिवस. इतकी माणसं हायत संभाळाय."

इतकी माणसं होती हीच तर अडचण झाली. आमच्याकडे लग्नात लेकरू एका मांडीवर टिकत नाही. सासूबाईंकडून ती मावशींकडे गेली, मावशींकडून नवरीच्या बहिणीकडे, तिथून आणखी कुणाकडे. अक्षता पडल्या, जेवणं सुरू झाली, मी ताट हातात घेतलं आणि सहज विचारलं, शर्वी कुठं आहे? प्रत्येकीनं दुसरीकडे बोट दाखवलं.

ताट तसंच टाकून मी उठले. आधी हसत शोधत होते, मग नुसतीच शोधत होते. रणजितनं वाजंत्री बंद करायला लावली. माईकवरून नाव पुकारलं. "मागं इहीर हाय का वो?" असं कुणीतरी दबक्या आवाजात विचारलं. वन्सं अनवाणी रस्त्यापर्यंत पळत जाऊन आल्या. सगळे तिच्या नावानं ओरडत होते आणि मधेच थांबून कान देत होते. लेकरू हरवलं तर रडतं, रडलं की सापडतं, हाच सगळ्यांचा हिशेब.

कार्यालयातल्या गाद्यांच्या खोलीसमोरून मी दोनदा गेले. दार किलकिलं होतं. आत डोकावून "शर्वी" म्हटलं, कान दिला, काहीच आलं नाही, म्हणून पुढे गेले.

शेवटी रणजितनं गाद्या ओढून काढल्या. एक चळत भिंतीकडे कलंडली होती. भिंत आणि गादी यांच्या फटीत ती उभ्या उभ्या चेपून राहिली होती. तोंड लालबुंद, केस घामानं कपाळाला चिकटलेले, डोळ्यांतून घळाघळा पाणी. तोंड उघडं होतं आणि आवाज नव्हता. मी हाक मारली तेव्हा ती माझ्यापासून दोन हातांवर होती. तिनं ती ऐकली असणार. मला पाहून तिनं हातसुद्धा पसरले नाहीत. कुणी अजून आलं कसं नाही, एवढंच तिला कळत नसावं.

मला आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती. आणि ती सापडल्यावर कमी व्हायच्या ऐवजी वाढली.

कोल्हापुरात डॉ. नदाफ म्हणून बालविकासाच्या डॉक्टर आहेत. त्यांनी शर्वीचे कान तपासले, घसा तपासला, सगळं ठीक होतं. मग त्यांनी एक चावीचा बेडूक काढला. चावी दिली, बेडूक टेबलावर टुणटुण उड्या मारून थांबला. शर्वी खुदकन हसली. बेडूक थांबल्यावर ती त्याच्याकडे बघत बसली. ना तिनं तो उचलला, ना डॉक्टरांपुढे धरला, ना माझ्याकडे बघून काही केलं. थोड्या वेळानं तिनं खिडकीकडे तोंड वळवलं.

"तिला तो पुन्हा हवा होता," डॉक्टर म्हणाल्या, "पण हवं असलं की काही करायचं असतं, हे तिला माहीतच नाही."

"म्हणजे मतिमंद..." मला पुढे बोलवेना.

"अजिबात नाही. ऐका. नुकतं जन्मलेलं बाळ रडतं ते शिंकेसारखं, त्यात हेतू नसतो. पण रडलं की कुणीतरी येतं. असं पुन्हा पुन्हा झालं की एक दिवस त्याच्या डोक्यात प्रकाश पडतो, मी आवाज केला म्हणून ती आली. तिथून हाक सुरू होते. मग बोट दाखवणं, मग शब्द. सगळी भाषा त्या 'म्हणून'वर उभी आहे. हवं असणं आणि मिळणं यांच्यात थोडी फट लागते, त्या फटीत मेंदू शिकतो. तुमच्या मुलीला फटच मिळाली नाही. हाकेच्या आधी ओ येत गेली. मग ती हाक कशाला शिकेल? जन्माचं ते रडणंसुद्धा हळूहळू विझून गेलं."

"पण मार्गदर्शिकेत लगेच उत्तर द्या म्हटलंय."

"उत्तर द्या म्हटलंय. तिनं काही विचारलं होतं का?"

 वसाहतीतून आलेली मी पहिली नाही, हेही त्यांनी सांगितलं. वाळा काढायचा, तिला काही हवंसं वाटू द्यायचं आणि थांबायचं. तिनं नजर लावली, हात हलवला, काहीही केलं की त्याच क्षणी द्यायचं. पण पहिलं पाऊल तिचं हवं.

"आणि नाहीच केलं तर?"

"या वयात भाषेचं दार सताड उघडं असतं. पुढे ते लोटत जातं. आत्ता वेळ आहे, पण घालवण्याइतका नाही."

मी आठवडाभराची रजा टाकली आणि वाळा कपाटात ठेवला. पहिल्याच सकाळी कळलं की शर्वीइतकीच मीही अडाणी आहे. तिला भूक लागली की झोप आलीय, मला ओळखता येईना. दीड वर्ष फोन सांगत होता आणि मी पळत होते. तिच्या तोंडाकडे बघायची वेळच आली नव्हती. मी सारखी उठत होते, बसत होते, बंद फोन उगाच हातात घेऊन बघत होते.

केळं सोलून तिच्यासमोर धरलं. तिनं पाहिलं आणि थांबली. मीही थांबले. तिनं हात पुढे केला नाही. केळं काळं पडायला लागलं तरी आम्ही दोघी तशाच. शेवटी ती तिथंच भिंतीला टेकून उपाशी झोपली.

"कसाबीण हाईस का गं?" सासूबाईंनी विचारलं. "पोटच्या पोरीला उपाशी निजवतीस? आम्ही काय पोरं वाढवली न्हाईत?"

"तुमची पोरं रडायची, आत्याबाई."

"मग हीबी रडंल. तवर खाया नको व्हय?" आणि मी पाणी भरायला गेले तेवढ्यात त्यांनी तिला झोपेतून उठवून दूधभात भरवला. मी त्यांच्यावर ओरडले, मग स्वतःच रडले. रणजित चप्पल घालून बाहेर निघून गेला. जाताना म्हणाला, "मला हे बघवत न्हाई, तेजल." मला तरी कुठं बघवत होतं? पण कुणीतरी घरात राहायला हवंच होतं.

आठवडा असाच गेला. कधी सासूबाई, कधी रणजित, आणि खोटं कशाला बोलू, दोनदा मीच हरले.

मग वन्संकडे गेले. त्यांना सगळं सांगितलं, डॉक्टरांचं म्हणणं, बेडूक, केळं. त्या पाळण्यांची दुपटी घड्या करत ऐकत होत्या. लांबून बघितलं तर पाळणाघर देवळाच्या गाभाऱ्यासारखं शांत. पूर्वी या शांततेचं मला कौतुक वाटायचं. आता अंगावर काटा आला.

"एका डाक्टरनं सांगितलं म्हणून मी सगळ्यांचे वाळे काढू?" वन्सं म्हणाल्या.

"सगळ्यांचे नको. शर्वीचा."

"बिनवाळ्याचं एक पोरगं रडलं तरी सगळ्यांचा तारा जातोय. तारा गेला की कंपन्या हात आखडत्या घेत्यात. मग ह्या बायका पोरं घेऊन कुठं जाणार, सांग की. परत खाटंला बांधणार?"

"वन्सं, ती गाद्यांत मेली असती."

त्यांच्या हातातलं दुपटं थांबलं. पण त्या म्हणाल्या एवढंच, "वाळा घालून आण. नायतर घरी ठेव."

रजा संपली. सुपरवायझरनं फोन करून सांगितलं, उद्या आला नाहीत तर जागा भरावी लागेल. शर्वीला घरी ठेवावं तर सासूबाई थांबणार नाहीत. पाळणाघरात ठेवावं तर वाळा. रात्रभर तळमळून सकाळी मी तिला न भरवताच उचललं, नाचणीच्या सत्त्वाचा डबा घेतला आणि बिनवाळ्याचीच पाळणाघरात घेऊन गेले. कामाचा पहिला तास बुडाला तर बुडाला.

दारात वन्संनी कपाळाला हात लावला. "आजच आणायची हुती? तपासणी हाय आज. माणसं आत बसल्यात."

"जाऊ कुठं मी?"

त्यांनी शर्वीकडे पाहिलं, मग तिच्या मोकळ्या पायाकडे. "सैपाकघरात बस जा. आणि आवाज..." त्या मधेच थांबल्या. आवाज ती करणार नाहीच, हे त्यांच्याही ध्यानात आलं असावं. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघायचं टाळलं.

स्वयंपाकघराला अर्धं दार आहे, त्यावरून हॉल दिसतो. तपासणीला एक बाई आणि एक पुरुष आले होते, मांडीवर इलेक्ट्रॉनिक पाट्या घेऊन खुर्च्यांवर बसले होते. तायांच्या पट्ट्यांवर अक्षरं उमटत होती आणि त्या मांजरीच्या पावलांनी वाट्या घेऊन फिरत होत्या. कुणाच्या तोंडात चमचा जात होता, कुणाला खांद्यावर टाकलं जात होतं, कुणाला काही मागायची गरजच नव्हती. शर्वी अर्ध्या दाराच्या फळीला धरून उभी होती. एक वाटी तिच्यासमोरून गेली, मग दुसरी, मग तिसरी. एक ताई सवयीनं तिच्याकडे वळली. मी मान हलवून तिला पुढे पाठवलं.

मी डबा उघडून मांडीवर ठेवला. वास तिच्यापर्यंत गेला. तिनं मागे वळून डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा जाणाऱ्या ताईच्या पाठीकडे पाहिलं. माझा पाय सारखा हलत होता, मी तो हातानं दाबून धरला. देऊन टाकावं, झक मारली ती मार्गदर्शिका आणि झक मारले ते डॉक्टर, असं शंभरदा मनात आलं. मग तिचे खांदे वर गेले. छाती भरून आली. पायाची बोटं आत वळली. वाळा जे वाचायचा ते मला पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांनी दिसत होतं. माझा हात चमच्याकडे गेला. मी तो ओढून मांडीखाली घेतला आणि त्यावर बसले.

शर्वीनं तोंड उघडलं. आधी नुसती हवा आली. मग खरखरत, चिरकत, गंजक्या बिजागरीसारखा आवाज निघाला आणि वाढत वाढत आख्ख्या हॉलभर गेला.

"ओ," मी म्हटलं. "ओ शर्वी, ओ बाळा, आले." चमचा तिच्या तोंडात गेला. ती दचकून गप्प झाली. सत्त्व गिळलं. माझ्याकडे नीट पाहिलं, जशी काही मी कुणी नवी बाई आहे. मग डोळ्यांत पाणी नसताना, मुद्दाम, तिनं पुन्हा आवाज केला.

"ओ," मी म्हटलं आणि दुसरा चमचा दिला. तिसऱ्या वेळी ती आवाज करता करता हसली. मी हमसून रडत होते आणि भरवत होते.

तपासणीच्या बाई दारात आल्या होत्या, मागे वन्सं. बाईंनी शर्वीच्या पायाकडे पाहिलं. बाई वाईट नव्हत्या, त्यांनी सावकाश विचारलं, "हे मूल पटावर नाही ना? बाहेरचं असेल तर आम्ही मोजत नाही."

मी वन्संकडे पाहिलं. मी काही बोलू शकले असते, पण पाळणाघर त्यांचं होतं, आयुष्य त्यांनी घातलं होतं. त्या शर्वीकडे बघत होत्या. शर्वीनं आपल्या आत्याकडे पाहिलं आणि पुन्हा एकदा तोच आवाज केला, आता वन्संसाठी. 

"पटावर हाय," त्या म्हणाल्या. "माझी भाची हाय. रडली न्हाई ती, हाक मारली. तुमच्यात हाक लिहायला जागा नसंल तर रडली म्हणून लिवा."

 बाईंनी पाटीवर बोट टेकवलं. तारा गेला. पुढे काय होईल, कंपन्या काय म्हणतील, मला तेव्हा ठाऊक नव्हतं आणि वन्संनाही नव्हतं.

तेवढ्यात हॉलमधून आवाज आला. बारीक, अर्धवट, "आ." पाळण्यांतल्या, गाद्यांवरच्या, रांगणाऱ्या कुणातरी लेकराचा. सगळ्या तायांनी चटकन मनगटं वर केली. पट्ट्या कोऱ्या होत्या. भूक नव्हती, झोप नव्हती, काही दुखत नव्हतं. कुणीतरी नुसतंच बोलावून बघितलं होतं. ताया एकमेकींकडे बघू लागल्या. कुणाकडे जायचं, हे एकीलाही कळेना.

वन्सं हॉलच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. सगळी लेकरं त्यांच्याकडे बघत होती.

"ओ," त्या म्हणाल्या. "कुणी हाक मारली रं?"

आणि आम्ही सगळ्या पुढच्या हाकेसाठी थांबलो.